एक पायवाट, तीन प्रवासवर्णने : लायबेरियाच्या अंतर्भागातील भूमार्गप्रवासाचा समीक्षात्मक विचार

प्रास्ताविक

प्रवासवर्णन हा मराठी वाचकाच्या विशेष आवडीचा वाङ्मयप्रकार असला, तरी त्याची समीक्षा बहुधा शैली, निसर्गवर्णन आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व या तीन अंगांनीच होत आली आहे. ज्या प्रदेशात राज्यसंस्था दुबळी आहे, जेथे सीमारेषा कागदावर आहेत पण कायदा गावापर्यंत पोहोचलेला नाही, अशा प्रदेशातून जमिनीवरून प्रवास करणाऱ्याने लिहिलेल्या पुस्तकाला हे निकष अपुरे पडतात. अशा लेखनात धोका हाच एक विषय होतो. मग साहजिकच प्रश्न उभा राहतो की हा धोका कोणाचा? चार आठवड्यांनी बोटीत बसून मायदेशी परतणाऱ्या प्रवाशाचा, की त्याच वाटेवर जन्मून तेथेच मरणाऱ्या माणसाचा?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी पश्चिम आफ्रिकेतील एका वाटेवर लिहिली गेलेली तीन इंग्रजी पुस्तके विशेष उपयुक्त ठरतात. सिएरा लिओनच्या पूर्व टोकापासून लायबेरियाच्या जंगलातून, मध्ये काही दिवस फ्रेंच गिनीच्या हद्दीतून, अटलांटिक किनाऱ्यावरील ग्रँड बासापर्यंत जाणारी ही सुमारे ३५० मैलांची वाट. १९३५ साली ग्रॅहम ग्रीन आणि त्याची चुलत बहीण बार्बरा ग्रीन या वाटेने पायी गेले. ग्रॅहमचे ‘जर्नी विदाउट मॅप्स’ १९३६ मध्ये, तर बार्बराचे ‘लँड बेनाइटेड’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००९ मध्ये पत्रकार टिम बुचर त्याच मार्गाने गेला व २०१० मध्ये त्याचे ‘चेसिंग द डेव्हिल’ आले. तिन्ही पुस्तकांनी या प्रदेशाला कमीअधिक प्रमाणात अज्ञात आणि अस्थिर मानले. प्रत्यक्षात वाट स्थिर होती. अस्थिर होती ती तिच्यावर हक्क सांगणारी सत्ता. हा भेद कोणत्या पुस्तकाने किती ओळखला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भूमी आणि काळ

लायबेरियाचा इतिहास आफ्रिकेतील इतर देशांपेक्षा वेगळा आहे. अमेरिकेतून परत पाठविलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांची वसाहत १८२२ पासून येथील किनाऱ्यावर उभी राहिली आणि १८४७ मध्ये तिने स्वतःला स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणून घोषित केले. हा देश औपचारिकदृष्ट्या कोणत्याही युरोपीय सत्तेची वसाहत झाला नाही. परंतु किनाऱ्यावरील या अल्पसंख्य वर्गाने अंतर्भागातील लोमा, मानो, बासा, क्रू इत्यादी समाजांवर जे राज्य केले, ते वसाहतीच्या राज्यापेक्षा फारसे निराळे नव्हते. १९२६ मध्ये फायरस्टोन कंपनीला रबराच्या लागवडीसाठी दहा लाख एकरांपर्यंतची जमीन ९९ वर्षांच्या कराराने देण्यात आली. अंतर्भागातील माणसे फर्नांडो पो बेटावरील मळ्यांत सक्तीने पाठविली जात असल्याच्या आरोपांची राष्ट्रसंघाच्या आयोगाने चौकशी केली. तिचा अहवाल १९३० मध्ये आल्यावर अध्यक्ष चार्ल्स किंग यांना पद सोडावे लागले. त्यानंतर किनाऱ्यावरील क्रू लोकांविरुद्ध सरकारी सैन्याने केलेल्या मोहिमेतील अत्याचारांचे वृत्त ब्रिटिश सरकारच्या अहवालात प्रसिद्ध झाले.

ग्रीन निघाला तो या पार्श्वभूमीवर. लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेलाही त्याच्याकडून माहिती हवी होती. म्हणजे हा प्रवास केवळ हौसेचा नव्हता. राज्यसत्ता आपल्याच प्रजेशी कशी वागते, याचा पुरावा त्या वाटेवर होता. हा पुरावा पुस्तकात कितपत उतरला, हा ग्रीनच्या मूल्यमापनातील कळीचा मुद्दा ठरतो.

ग्रॅहम ग्रीन : नकाशाबाहेरचा शोध

पुस्तकाच्या शीर्षकातच त्याची भूमिका आहे. ग्रीनला मिळालेल्या एका ब्रिटिश नकाशावर लायबेरियाचा अंतर्भाग बराचसा कोरा होता. अमेरिकन युद्धखात्याच्या नकाशावर त्या कोऱ्या जागेत ‘नरभक्षक’ असा शब्द छापलेला होता. ग्रीन या अज्ञानाची थट्टा करतो, पण ते टाकून देत नाही. उलट त्यालाच तो प्रवासाचे प्रयोजन बनवितो. वयाच्या सोळाव्या वर्षी त्याच्यावर मनोविश्लेषणाचे उपचार झाले होते, आणि तो त्या पद्धतीचा उघड आधार घेऊन लिहितो. कोरा नकाशा म्हणजे मनाचा अबोध थर, जंगलातील वाट म्हणजे बालपणाकडे परत जाणारी वाट, अशी रूपकाची बांधणी पुस्तकभर आहे. गावातील नृत्याचे वर्णन चालू असताना मध्येच इंग्लंडमधील बालपणाच्या आठवणी येतात, त्या याच कारणाने.

या बांधणीचे श्रेय ग्रीनला दिलेच पाहिजे. त्याच्या काळातील बहुतेक युरोपीय लेखकांनी आफ्रिकेच्या अंतर्भागाला रानटी ठरविले; ग्रीनने रानटीपणा किनाऱ्यावर, म्हणजे जेथे युरोपीय व्यापार, दारू आणि सत्ता पोहोचली तेथे पाहिला. अंतर्भागातील खेड्यांचे सौजन्य, पाहुण्याविषयीची त्यांची रीत यांची तो मनापासून दखल घेतो. परंतु याच बांधणीची मर्यादाही तेथेच आहे. जंगल जर प्रवाशाच्या मनाचे रूपक असेल, तर जंगलात राहणाऱ्या माणसाचे स्थान काय? तो त्या मनातील एखाद्या स्मृतीसारखा येतो आणि जातो. चिन्वा अचेबे यांनी १९७५ मध्ये कॉनराडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर व्याख्यान देताना हाच आक्षेप घेतला होता की एका युरोपीय माणसाच्या मनाच्या विघटनासाठी संपूर्ण आफ्रिका नेपथ्य म्हणून वापरली गेली. ग्रीनचा सूर कॉनराडपेक्षा सौम्य आहे, तरी आक्षेप काही अंशी त्यालाही लागू पडतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे टापी-टा येथील कर्नल एलवुड डेव्हिस यांच्या भेटीचे प्रकरण. क्रू मोहिमेतील अत्याचारांबाबत ब्रिटिश अहवालाने ज्याच्याकडे बोट दाखविले होते, तोच हा अधिकारी. ग्रीन त्याच्यासोबत मद्य घेतो, त्याची बाजू ऐकतो आणि एक विलक्षण व्यक्तिचित्र उभे करतो. व्यक्तिचित्र म्हणून ते अप्रतिम आहे. त्यातला नाटकी, रुबाबदार, किंचित केविलवाणा डेव्हिस वाचकाच्या मनातून जात नाही. पण ज्यांची गावे जाळली गेली, त्या क्रू लोकांपैकी कोणाचे असे चित्र पुस्तकात नाही. त्यांचे गाव वाटेवर नव्हते, असे उत्तर देता येईल आणि ते खरेही आहे. तरीही कादंबरीकाराच्या कौशल्याने एका आरोपीला जेवढे मनुष्यत्व मिळाले, तेवढे पीडितांना मिळाले नाही, ही उणीव उरतेच.

हमालांच्या बाबतीत मात्र ग्रीन अधिक प्रामाणिक आहे. पंचवीस-सव्वीस हमाल, स्वयंपाकी सुरी, नोकर आमेडू आणि लामिना, असा मोठा तांडा या ‘एकट्या’ शोधामागे होता. हमालांनी वाढीव मजुरी मागितली, तेव्हा ग्रीनने ती टाळली. पण आपण इतर मालकांसारखेच त्यांना राबवून घेत आहोत, आपल्याला तसे न करणे परवडत नाही आणि त्याची थोडी लाज वाटते, पण त्या लाजेचा हमालांना काहीच उपयोग नाही, अशी कबुली तो देतो. या प्रकारच्या साहित्यात अशी कबुली विरळा आहे. येथे प्रवाशाचे मन क्षणभर बाजूला होते आणि प्रवासाचा हिशेब दिसतो.

बार्बरा ग्रीन : मागून चालणारीची नजर

ग्रॅहमच्या पुस्तकात हमालांना नावे आहेत. ज्या बहिणीने संपूर्ण वाट त्याच्यासोबत तुडविली, तिला जवळजवळ नाव नाही. ती केवळ ‘माझी चुलत बहीण’ म्हणून अधूनमधून येते. शोध एकट्याचा आहे, असे दाखवायचे तर सोबतीण अदृश्यच असावी लागते. बार्बराचे पुस्तक वाचल्यावर या अदृश्यतेची किंमत कळते.

एका लग्नसमारंभात, शँपेनच्या भरात, आपण या प्रवासाला होकार दिला, असे बार्बरा सांगते. मार्ग, मुक्काम, मजुरी यांतील एकही निर्णय तिचा नव्हता. तिने फक्त मागून चालायचे होते. पण मागून चालणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते, आणि पुढच्याला स्वतःची पाठ कधीच दिसत नाही. निघतानाच तिने भावाविषयी केलेली नोंद निष्ठुर वाटावी इतकी स्पष्ट आहे. त्याच्या बुद्धीची तिला भीती वाटते. मोजकी चार माणसे सोडली तर उरलेली मानवजात त्याला निरीक्षणासाठी ठेवलेल्या किड्यांसारखी वाटत असावी, अशी तिची शंका आहे. ग्रीनच्या कादंबऱ्यांवर पुढे झालेल्या विपुल समीक्षेत इतके नेमके वाक्य क्वचितच सापडेल.

तिच्या लेखनाला तात्त्विक बांधणी नाही. शीर्षकातील ‘अंधारलेली भूमी’ ही कल्पना त्या काळाच्या पूर्वग्रहाचीच आहे. पुस्तक १९८१ मध्ये ‘टू लेट टु टर्न बॅक’ या नावाने पुन्हा निघाले, हे बरे झाले. परंतु भात, उंदीर, पिसवा, फोड आलेले पाय, न संपणारी दुपार, क्षुल्लक गोष्टीवरून सोबत्याविषयी वाटणारी चीड, हे सगळे तिच्याकडे आहे तसे येते. जंगल तिच्यासाठी कशाचेही प्रतीक नाही, आणि म्हणूनच ते अधिक जंगल आहे. तिची माणसेही त्यामुळे प्रतीके होत नाहीत.

एक आजारपण, दोन कथने

दोन्ही पुस्तकांतील फरक एका प्रसंगात एकवटतो. प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात, झिगीज टाउन या खेड्यात, ग्रॅहमला तीव्र ताप आला. ग्रॅहमच्या कथनात ही रात्र म्हणजे शोधाचे फलित आहे. मृत्यू नेहमीच हवासा वाटतो असे आजवर मानणाऱ्या या माणसाला, आपल्याला जगण्याची उत्कट इच्छा आहे, हे तेथे उमगते. तो त्याला धर्मांतरासारखाच अनुभव मानतो.

त्याच रात्री बार्बरा दुसऱ्या झोपडीत जागी आहे. भाऊ सकाळपर्यंत जगणार नाही, अशी तिची खात्री झाली आहे. त्याला कोठे व कसे पुरायचे, आपण किनाऱ्यापर्यंत कसे पोहोचायचे, कोणाकोणाला तार करायची, याचा ती शांतपणे विचार करते. तिला एकच चिंता छळते. ग्रॅहम कॅथलिक, तो गेला तर त्याच्यासाठी मेणबत्त्या लावायला हव्यात.

एकाच तापाची ही दोन रूपे आहेत. एकाला त्यात जीवनाचा अर्थ सापडला, तर दुसरीला मेणबत्त्यांची काळजी वाटली. साहित्यिक प्रतिष्ठा पहिल्याला मिळाली, हे स्वाभाविक आहे. परंतु अस्थिर प्रदेशात खरा धोका कसा असतो, हे दुसरे कथन अधिक सांगते. डॉक्टर नाही, तार नाही, रस्ता नाही, अशा ठिकाणी आजारी पडणे हा त्या खेड्यातील प्रत्येकाचा नित्याचा अनुभव होता. बार्बराने त्या एका रात्री अजाणता तेथील बायांप्रमाणे विचार केला.

टिम बुचर : युद्धानंतरची वाट

ग्रीन भावंडे गेल्यानंतर पंचावन्न वर्षांच्या आत या वाटेवरून युद्ध गेले. १९८० मध्ये सॅम्युएल डो याच्या लष्करी उठावाने किनाऱ्यावरील जुन्या वर्गाची सत्ता संपली. डिसेंबर १९८९ मध्ये चार्ल्स टेलरच्या सैनिकांनी निंबा परगण्यात प्रवेश केला. ग्रीन ज्या गांटा गावात डॉ. जॉर्ज हार्ली या मिशनरी अभ्यासकाला भेटला होता, ते याच परगण्यातले. मार्च १९९१ मध्ये लायबेरियातून सिएरा लिओनच्या कैलाहुन जिल्ह्यात बंडखोर घुसले आणि तेथील युद्ध २००२ पर्यंत चालले. लायबेरियातील दुसरे युद्ध २००३ मध्ये थांबले.

बुचर २००३ च्या युद्धात वार्ताहर म्हणून मन्रोव्हियात होता. २००९ मधील त्याच्या प्रवासात हमालांचा तांडा नाही. एक तरुण सहप्रवासी आणि एक लायबेरियन वाटाड्या आहे. हा वाटाड्या पुस्तकात पूर्ण माणूस म्हणून वावरतो. त्याला स्वतःचे भूतकाळ, मते आणि विनोदबुद्धी आहे, आणि युद्धाच्या आठवणीही आहेत. ग्रीनच्या तुलनेत हा मोठा पल्ला आहे. बुचर गावागावांत विचारतो की येथे काय घडले, आणि लोक सांगतात. ग्रीनने जे रूपक म्हणून पाहिले, ते बुचर इतिहास म्हणून पाहतो.

तथापि पुस्तकाच्या शीर्षकातील ‘डेव्हिल’, म्हणजे पोरो या गुप्तमंडळाचा मुखवटाधारी, त्याला अखेरपर्यंत सोडत नाही. पोरोचे भय आणि त्याचे मौन यांना तो या प्रदेशाच्या कोंडीचे एक प्रमुख कारण मानतो. पोरो हे वास्तव आहे आणि हार्लीसारख्या अभ्यासकांनी त्याची नोंद केली आहे. पण कारणांचा भार जंगलातील मुखवट्यावर जितका टाकावा, तितका तो जमिनीचे करार, हिरे, शस्त्रे आणि किनाऱ्यावरील सत्ता यांच्यावरून उतरतो. टेलरला २०१२ मध्ये सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाने ५० वर्षांची शिक्षा दिली ती सिएरा लिओनमधील बंडखोरांना साहाय्य केल्याबद्दल. त्या निकालपत्राचा विषय मुखवटे नव्हते. बिन्यावांगा वाइनाइना यांनी २००५ मध्ये आफ्रिकेवर कसे लिहावे याचा उपरोधिक धडा दिला होता. बुचर त्यातील बहुतेक सापळे चुकवितो. गूढतेच्या सापळ्यात मात्र त्याचा एक पाय अडकतो.

कैलाहुन : स्थिर वाट, अस्थिर सीमा

तिन्ही पुस्तके एकत्र ठेवली की एक गाव पुन्हा पुन्हा समोर येते. फ्रीटाउनहून निघालेली रेल्वे पेंडेम्बूला संपत असे आणि तेथून ग्रीन भावंडे कैलाहुनला गेली. पुढे १९७० च्या दशकात ती रेल्वे बंद झाली. १९९१ मध्ये युद्ध याच जिल्ह्यातून आत आले. २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील दोनशेहून अधिक भारतीय सैनिक कैलाहुनमध्ये सुमारे अडीच महिने वेढले गेले होते. जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’त ते कैलाहुनहून पेंडेम्बूकडे बाहेर पडले, म्हणजे ग्रीनच्याच रस्त्याने उलट दिशेला. २०१४ मध्ये गिनीतील गेकेडू, लायबेरियातील लोफा आणि सिएरा लिओनमधील कैलाहुन या सीमात्रिकोणातून इबोलाची साथ पसरली आणि तीन देशांत मिळून अकरा हजारांहून अधिक माणसे दगावली.

या त्रिकोणात तिन्ही बाजूंना किसी लोक राहतात. त्यांचे बाजार, सोयरीक, अंत्यविधी, वैद्य हे सगळे सीमेच्या आरपार आहे. त्यांना नकाशा लागला नाही, कारण वाट त्यांनीच पाडली होती. सीमारेषा लंडन, पॅरिस आणि मन्रोव्हिया यांच्या व्यवहारातून तिच्यावर येऊन पडली. साथ असो वा बंडखोर, संकटे या वाटेने आली, आणि निर्वासितही याच वाटेने वाचले. ‘नकाशाविना प्रवास’ हे शीर्षक म्हणूनच प्रवाशाच्या दृष्टीने खरे आणि रहिवाशाच्या दृष्टीने निरर्थक ठरते.

मराठी वाचकाला या संदर्भात गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आठवल्याशिवाय राहत नाही. १८५७ मध्ये वरसईहून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेले हे भिक्षुक बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले, लुटले गेले, झाशीचा पाडाव त्यांनी आतून पाहिला आणि गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांनी धोका शोधला नव्हता. त्यांना कर्ज फेडायचे होते. म्हणून त्यांच्या कथनात भय आहे, पण भयाचा अभिमान नाही. अशांत प्रदेशातील प्रवासवर्णनाला लावण्याजोगा निकष मराठीत १९०७ पासून छापील रूपात उपलब्ध आहे. संकटात सापडलेल्या माणसाचे कथन आणि संकट पाहायला गेलेल्या माणसाचे कथन यांतील अंतर त्यावरून मोजता येते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ग्रॅहम ग्रीनचे पुस्तक कलाकृती म्हणून तिघांत श्रेष्ठ आहे. पण त्याची श्रेष्ठता ज्या रूपकावर उभी आहे, ते रूपकच तेथील माणसाला दुय्यम करते. मजुरीविषयीची त्याची कबुली ही त्या रूपकाला पडलेली मोलाची भेग होय. बार्बरा ग्रीनचे पुस्तक बांधणीने साधे आहे, परंतु भावाने पुस्तकातून वगळलेल्या सोबतिणीची साक्ष म्हणून आणि धोक्याचे दैनंदिन रूप टिपणारे लेखन म्हणून त्याला ग्रॅहमच्या पुस्तकाशेजारीच जागा मिळाली पाहिजे. बुचरने वाटाड्याला आणि युद्धाच्या आठवणींना आवाज दिला; मात्र कारणमीमांसेत तो अधूनमधून जुन्या गूढतेकडे वळतो.

चौथे पुस्तक अद्याप या मालिकेत नाही. आमेडू, लामिना, सुरी यांच्यापैकी कोणी त्या चार आठवड्यांबद्दल काय सांगितले असते, हे कोठेही नोंदलेले नाही. पेट्या कोणाच्या डोक्यावर होत्या, मजुरीचा वाद त्यांच्या घरी कसा सांगितला गेला, तापाने फणफणलेल्या गोऱ्या माणसाकडे पाहून त्या रात्री हमाल आपसांत काय बोलले, हे कळण्याचा मार्ग आता उरलेला नाही. म्हणून या तीन पुस्तकांचे वाचन करताना त्यांनी काय पाहिले याबरोबरच त्यांचे सामान कोणी उचलले, हेही समीक्षेने प्रत्येक पानावर विचारले पाहिजे.